खर्जाची हौस आणि कानाचें मोल

विद्यार्थ्यांच्या खिशांत जी जागा पूर्वीं भोंवऱ्याला आणि गोट्यांना असे, ती आतां कानांत घालावयाच्या इवल्याशा इअरफोनांनीं घेतली आहे. वाढदिवस आला, परीक्षेचा निकाल चांगला लागला किंवा नाताळ जवळ आला, कीं घरोघर मागणी होते ती याच वस्तूची. आणि मागणीबरोबर एक अट ठरलेली असते, 'बेस जोरदार पाहिजे.' वडील किंमत विचारतात, मुलगा दहा नांवें सांगतो, आई म्हणते कान बिघडतील; आणि शेवटीं एक तर घरांत भांडण होतें, नाहीं तर ज्याची जाहिरात मोठी तो इअरफोन विकत घेतला जातो. असल्या विषयावर शाळेच्या वार्षिकांत लिहिणें कोणाला थिल्लरपणाचें वाटेल. परंतु ज्या वस्तूपायीं पालकांचा पैसा आणि मुलांची श्रवणशक्ति हीं दोन्ही खर्चीं पडूं शकतात, ती वस्तु कशी निवडावी हें सांगणें शिक्षकाच्या कामाबाहेरचें आहे असें मला वाटत नाहीं.

माझें मत थोडक्यांत असें आहे: खर्जाची आवड वाईट नाहीं, मात्र ती भागते ती मोठ्या किंमतीनें किंवा मोठ्या आवाजानें नव्हे, तर कानांत बरोबर बसणाऱ्या रबरी टोपीनें. हें ज्याला समजलें तो थोड्या पैशांत समाधान पावेल आणि त्याचे कानहि शाबूत राहतील. ज्याला समजलें नाहीं त्यानें वीस हजार रुपये ओतले, तरी त्याचें बोट आवाज वाढविण्याच्या बटणाकडेच जाईल.

प्रथम या आवडीला न्याय दिला पाहिजे. मुलें ज्याला बेस म्हणतात तो आपल्या संगीताला परका नाहीं. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाच्या डाव्या अंगाचा भरदार नाद, तंबोऱ्याची खर्जाची तार, हीं सर्व त्याच कुळांतलीं. उपासनेच्या वेळीं चार आवाजांत गीत म्हणतात, तेव्हां वरचा सोप्रानो सर्वांच्या ध्यानांत राहतो. पण बेस म्हणणारे चार पुरुष एखाद्या रविवारीं आले नाहींत, तर गीत पायाशिवाय उभ्या केलेल्या भिंतीसारखें डळमळीत वाटतें. हार्मन या अमेरिकन कंपनींतील संशोधक शॉन ऑलिव्ह व त्यांचे सहकारी यांनीं लोकांना निरनिराळे आवाज ऐकवून जे प्रयोग केले, त्यांतहि बहुतेक श्रोत्यांना खर्ज थोडा उठावदार असलेलाच आवाज पसंत पडला. तेव्हां 'हा बेस म्हणजे आजकालच्या पोरांचें खूळ' असें म्हणून पालकांनीं तो विषय झटकून टाकूं नये.

आतां हा खर्ज उत्पन्न कसा होतो तें पाहूं. माणसाच्या कानाला सामान्यतः दर सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत कंपनें असलेला ध्वनि ऐकूं येतो. या कंपनसंख्येला हर्ट्झ म्हणतात. त्यांतील तळचा, सुमारें २० ते २५० हर्ट्झपर्यंतचा पट्टा म्हणजे बेस. नेहमींच्या इअरफोनच्या पोटांत एक लहान लोहचुंबक, तारेचें वेटोळें आणि वेटोळ्याला चिकटविलेला पातळ पडदा असतो. विजेच्या लहरींबरोबर हा पडदा पुढेंमागें हालतो आणि कानाच्या नळींतील हवा दाबतो व सोडतो. बोटाच्या नखाएवढ्या पडद्याला खोलीभर हवा हालवितां येत नाहीं; पण बंद नळींतील चिमूटभर हवा तो सहज हालवितो. सर्व मर्म येथेंच आहे. नळी बंद असली तर खर्ज उमटतो. टोपी आणि कातडी यांच्यामध्यें बारीकशी फट राहिली, तर संथपणें दाबली जाणारी ही हवा फटींतून निसटते आणि सर्वांत आधीं खर्जच नाहींसा होतो. वरच्या पट्टींतला आवाज मात्र तसाच राहतो, म्हणून गाणें पातळ व किरकिरें वाटूं लागतें. सायकलच्या पंपाचा वायसर सैल झाला, कीं दांडा कितीहि जोरानें दाबा, ट्यूबमध्यें हवा भरत नाहीं. तशांतलाच हा प्रकार.

यास्तव इअरफोन घरीं आणल्यावर पहिलें काम गाणें लावण्याचें नसून टोपी जुळविण्याचें आहे. खोक्यांत बहुधा लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांच्या टोप्या असतात. पुष्कळ मुलें यंत्रावर आधींच बसविलेली टोपी तशीच ठेवतात आणि बाकीच्या खोक्याबरोबर फेंकून देतात. असें करूं नये. उजवा इअरफोन घालतांना डावा हात डोक्यामागून नेऊन उजवा कान किंचित् वर व मागें ओढावा, इअरफोन आंत सरकवावा आणि मग कान सोडावा. नंतर स्वतः चार शब्द बोलून पाहावे. आपलाच आवाज डोक्यांत घुमल्यासारखा वाटला, तर नळी नीट बंद झाली असें समजावें. मग गाणें हळू लावून इअरफोन बोटानें अगदीं हलका दाबावा. दाबतांच खर्ज वाढला, तर टोपी लहान आहे. एक माप वरचें घ्यावें. कान दुखूं लागला तर माप मोठें झालें. दोन्ही कानांचें माप सारखेंच असतें असेंहि नाहीं. रबरी टोपी कोणत्याच मापानें जुळत नसेल, तर फोमची, म्हणजे स्पंजासारखी दाबून घालावयाची टोपी निराळी विकत मिळते. ती कानांत फुगून बसते. या खटाटोपास पांच मिनिटें लागतात, आणि हजार रुपये जास्त देऊन जो फरक पडावयाचा नाहीं तो फरक पुष्कळदां तेवढ्यांत पडतो.

तरी देखील आवाज वाढविण्याचा मोह होतो, आणि तो केवळ हट्टीपणा नव्हे. त्याला कारणें आहेत. १९३३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील फ्लेचर व मनसन या दोघांनीं प्रयोगानें दाखवून दिलें कीं, आवाज हळू असतां माणसाचा कान मधल्या स्वरांच्या मानानें खर्जाला फारच कमी दाद देतो; आवाज वाढला कीं ही तफावत कमी होते. म्हणून तेंच गाणें मोठ्यानें लावलें, कीं त्यांत बेस अधिक आहे असें वाटतें. दुसरें कारण बाहेरचा गोंगाट. एस. टी. च्या इंजिनाची घरघर आणि आगगाडीची धडधड यांचा बराचसा भाग खर्जाच्याच पट्टींतला असतो, आणि तो गाण्यांतील खर्ज झांकून टाकतो. तिसरें कारण आपल्या मिरवणुका. ढोल आपण नुसता कानानें ऐकत नाहीं. तो छातींत धडकतो. इअरफोनची सत्ता मात्र कानापुरतीच आहे. ती छातींतली धडक इअरफोनांतून मिळेल या आशेनें आवाज वाढवीत जाणें म्हणजे मृगजळामागें धांवणें होय. धडक तर मिळत नाहींच, पण वाटेंत कान खर्चीं पडतो.

कान कसा खर्चीं पडतो हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. आपल्या कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यांत प्रत्येक उंचीच्या स्वराला आपापली जागा असते. वरचे स्वर शंखाच्या दाराशीं आणि खर्ज अगदीं आंतल्या टोंकाला उमटतो. या भागांतील लहरींच्या शोधाबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक कानाच्या शंखांत सुमारें १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. फार मोठ्या आवाजानें त्या थकतात, मग मरतात; आणि माणसाच्या कानांत मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाहीं. यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, गोंगाटानें होणारें नुकसान प्रथम खर्जाच्या जागीं दिसत नाहीं; तें बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास दिसूं लागतें. म्हणजे बेसच्या हौसेनें ज्यानें कान बिघडविले, त्याला बेस ऐकूं येतच राहतो. त्याच्या हातून जातात ते शब्द. स, श, फ यांसारख्या वर्णांचा उठाव पुष्कळसा वरच्या पट्टींतल्या ध्वनीवर अवलंबून असतो. असा मुलगा आवाज ऐकतो, पण 'सात' म्हटलें कीं 'आठ' म्हटलें याचा त्याला घोटाळा पडतो. वर्गांत तो 'काय, सर?' असें दोनदां विचारतो. लोक त्याला बेफिकीर म्हणतात, आणि तो स्वतःहि आपण ऐकत नाहीं असें न म्हणतां लोक पुटपुटतात असें म्हणतो.

किती आवाज सुरक्षित, यालाहि माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर २०१९ सालीं जें मानक प्रसिद्ध केलें, त्यांत प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठीं आठवड्यास ४० तास ७५ डेसिबल अशी मर्यादा धरली आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेसारखा नसतो. दर ३ डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते व सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्या हिशेबानें मुलांना ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास, ८७ ला अडीच तास आणि ९० डेसिबलला सबंध आठवड्यांत अवघा सव्वा तास उरतो. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें गणित स्वतः वहीवर करून पाहावें. भूमितिश्रेढीचें इतकें जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकांत सांपडणार नाहीं.

आतां बाजाराकडे वळूं. खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापलेल्या असतात, आणि तिहींवरून खर्जाची पारख होत नाहीं. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे आंकडे बहुतेक सर्व खोक्यांवर असतात. २० हर्ट्झला आवाज किती जोराचा निघतो हें त्यांवरून कळत नाहीं. पडद्याचा व्यास, १० मिलिमीटर किंवा १३ मिलिमीटर, हाहि एकटा कांहीं सांगत नाहीं. पडदा कशाचा आहे, मागची पोकळी कशी आहे आणि टोपी कशी बसते यांवर सर्व अवलंबून असतें. आणि 'एक्स्ट्रा बेस' हें तर मापच नव्हे, विशेषण आहे. किंमतीचीहि तीच गोष्ट. जेरून ब्रेबार्ट या संशोधकानें २०१७ सालीं २८३ हेडफोनांचीं मापें तपासून असा निष्कर्ष काढला कीं, कोणत्या पट्टींत किती आवाज निघतो आणि दुकानांतील किंमत किती, यांचा म्हणण्यासारखा संबंध दिसत नाहीं. हें वाचून पुष्कळ पालकांना हायसें वाटेल.

तरी पण किंमतीप्रमाणें कांहीं तरी वेगळें मिळतेंच. तें काय, हें पायरीपायरीनें सांगतों. दर गांवाप्रमाणें व सणाच्या सवलतीप्रमाणें कमीजास्त असतात. म्हणून येथें ढोबळ मर्यादाच दिल्या आहेत.

पांचशें रुपयांच्या आंत तारेचा इअरफोनच घ्यावा. या किंमतींत बिनतारी इअरफोन दिसतात, पण त्यांतील बॅटरीचा भरंवसा धरवत नाहीं. बोट कंपनीचा 'बासहेड्स १००' याच वर्गांतला. या वर्गांत बेस कमी नसतो, उलट फुगविलेला असतो. दोष असला तर हा कीं, खर्ज वर सरकून गायकाच्या गळ्यावर बसतो आणि शब्द घोंगडीआडून आल्यासारखे वाटतात. घेतांना तीन मापांच्या टोप्या, पक्कें बिल आणि हमीचा कागद एवढें अवश्य पाहावें. धडे ऐकण्यास व अधूनमधून गाण्यास एवढें पुरतें.

पांचशेंपासून हजार-बाराशेंपर्यंत सोनी, जेबीएल इत्यादि कंपन्यांचे साधे तारेचे इअरफोन मिळतात. येथें खर्ज भरपूर असून गळा थोडा मोकळा होतो. आठवी-नववीच्या मुलानें येथें थांबावें असें माझें स्पष्ट मत आहे. कारण या वयांत इअरफोन झिजून नव्हे, हरवून संपतात.

दीड हजारापासून अडीच हजारांपर्यंतची पायरी ज्याला संगीताची खरी गोडी आहे त्याच्यासाठीं. सेव्हन-हर्ट्झचा 'झीरो २', मूनड्रॉपचा 'चू २' यांसारखे तारेचे चिनी इअरफोन या वर्गांत येतात. त्यांत खर्ज नेमका असतो. म्हणजे ढोल ढोलासारखा आणि डग्गा डग्ग्यासारखा निराळा ओळखूं येतो. शिवाय त्यांची तार सुटी करतां येते. इअरफोनांत प्रथम मोडते ती तारच; ती बदलतां आली कीं वस्तूचें आयुष्य वाढतें. पांच हजारांच्या सुमारास ट्रूथइअरचा 'झीरो रेड' मिळतो. त्यांत खर्जासाठीं व वरच्या स्वरांसाठीं मिळून दोन पडदे असतात, आणि खर्ज आणखी वाढविण्याचा एक छोटा जोडहि बरोबर येतो. यापुढें नुसत्या खर्जासाठीं शाळकरी मुलानें पैसे मोजूं नयेत. मात्र तारेचा इअरफोन घेण्यापूर्वीं फोनला गोल भोंक आहे कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळ नव्या फोनांत तें नसतें. मग टाइप-सीचा जोड निराळा घ्यावा लागतो.

दोन हजारांपासून पांच हजारांपर्यंत बिनतारी इअरफोनांची गर्दी आहे. येथें हें ध्यानांत ठेवावें कीं, त्याच किंमतींतील बराच पैसा बॅटरी, बिनतारी यंत्रणा व डबी यांवर जातो. सोय निःसंशय मोठी; परंतु इवल्या बॅटऱ्या कांहीं वर्षांनीं दम टाकतात आणि बहुधा बदलून मिळत नाहींत. जोडीला ॲपमध्यें बेस वाढविण्याची सोय असते. तिचा उपयोग करावयाचा तर बेस दोन-तीन पायऱ्या वर न्यावा आणि सबंध आवाज तितकाच खालीं आणावा. नाहीं तर ती सोय नसून सांपळा आहे.

दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांच्या वर्गांत सोनीच्या 'डब्ल्यूएफ-१००० एक्सएम ५' सारखे इअरफोन येतात. त्यांत बाहेरचा गोंगाट उलट्या लहरीनें मारण्याची युक्ति असते, आणि ती युक्ति खर्जाच्या पट्टींतील घरघरीवरच सर्वांत जास्त चालते. त्यामुळें आगगाडींतहि हळू आवाजांत खर्ज ऐकूं येतो. रोज दोन-तीन तास प्रवास करणाऱ्या वडिलांनीं किंवा आईनें तो स्वतःसाठीं घेतला, तर मी त्याला चैन म्हणणार नाहीं. शाळकरी मुलाच्या हातीं एका सत्राच्या फीइतकी वस्तु देणें मात्र मला योग्य वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, 'एवढा उपद्व्याप कशाला? इअरफोनच घरांत आणूं नये.' या म्हणण्यामागची कळकळ मी जाणतों. परंतु आतां धडे, इंग्रजी उच्चारांचे पाठ आणि संगीतहि याच वाटेनें येतात. बंदी घातली तर मुलगा मित्राचा इअरफोन कानांत घालील, न जुळणाऱ्या टोपीनें आणि चढ्या आवाजानें. दुसऱ्याच्या कानांतला मळ आपल्या कानांत घेईल तो निराळाच. त्यापेक्षां बरोबर बसणारा, बाहेरचा गोंगाट अडविणारा इअरफोन आपणच द्यावा, फोनमध्यें आवाजाची कमाल मर्यादा बांधण्याची सोय असल्यास ती मुलादेखत बांधावी आणि तिचें कारण सांगावें. दोन नियम मात्र घरांत अढळ असावे. रस्त्यानें चालतांना, सायकलवर किंवा रूळ ओलांडतांना दोन्ही कान मोकळे. कारण जो इअरफोन खर्ज आंत कोंडतो तोच मोटारीचा भोंगा बाहेर ठेवतो. आणि कान वाहत असेल, दुखत असेल किंवा ऐकून उठल्यावर कानांत शिट्टी वाजत असेल, तर इअरफोन पेटींत व मूल डॉक्टरांकडे.

विकत घेतांना परीक्षा कशी करावी, असें विद्यार्थी विचारतात. आपण शंभर वेळां ऐकलेलें, ज्यांत गळा व तालवाद्य दोन्ही आहेत असें गाणें निवडावें. आवाज निम्म्याच्या खालीं ठेवावा. तेवढ्यांत डग्ग्याचा घुमारा ऐकूं आला आणि त्याच वेळीं गायकाचा प्रत्येक शब्द सुटा ऐकूं आला, तर इअरफोन चांगला. घुमारा आहे पण शब्द बुडाले, तर तो बेस नव्हे, चिखल आहे. आवाज वाढविल्याशिवाय घुमाराच येत नाहीं, तर आधीं टोपी बदलावी, आणि टोपी बदलूनहि येत नसेल तरच इअरफोन बदलावा.

होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यापुढून सोसाट्याचा वारा गेला, भूकंप झाला, अग्नि आला. पण परमेश्वर त्यांत नव्हता, तो त्यामागून आलेल्या मंद वाणींत होता, ही कथा आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. वारा आणि भूकंप ऐकावयास चांगले कान लागत नाहींत. मंद वाणी ऐकावयास लागतात. विद्यार्थिमित्रहो, खर्ज खुशाल ऐका. पण या नाताळांत वडिलांकडे नवा इअरफोन मागण्यापूर्वीं जुन्याच्या खोक्यांत पडलेल्या दोन टोप्या काढून एकदां लावून पाहा. खर्ज आला, तर वडिलांचे हजार रुपये वांचले. आणि न आला, तर कोणत्या मापाची टोपी पाहिजे एवढें तरी दुकानांत पाय ठेवण्यापूर्वीं तुम्हांला ठाऊक असेल.